तोफेचे दाते, दुर्बिणीला

१९४५ च्या डिसेंबरात बर्नार्ड लॉव्हेल मँचेस्टर सोडून जॉड्रेल बँकच्या शेतात गेले. शहरात ट्रामच्या विजेमुळे नोंदी बिघडत. सोबतची उपकरणे होती सैन्याला नको झालेली रडार!

पुढे त्यांना ७६ मीटर व्यासाची, हवी तिकडे वळणारी रेडिओ दुर्बीण उभारायची होती. एवढी थाळी कलती करायची, तर प्रचंड दातेरी चक्रे हवीत. ती नव्याने घडवायची म्हणजे पैसा आणि पोलाद दोन्ही आले. त्याच सुमारास ‘रॉयल सॉव्हरिन’ आणि ‘रिव्हेंज’ या जुन्या ब्रिटिश युद्धनौका मोडीत निघाल्या होत्या. त्यांच्या १५ इंची तोफांच्या बुरुजांमधली चक्रे १९५० मध्ये स्वस्तात मिळाली. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते हे, की चक्रे दुर्बिणीत कशीबशी बसवली नाहीत. दुर्बिणीचा तेवढा भागच त्यांच्याभोवती आखला. तोफांचा काळ संपला होता, दात्यांचा नव्हे.

तरीही खर्च अंदाजाबाहेर गेला आणि कर्ज झालेच. पण ऑक्टोबर १९५७ मध्ये पहिल्या स्पुटनिकच्या रॉकेटचा माग या दुर्बिणीने रडारने काढला. यातली ‘रॉयल सॉव्हरिन’ १९४४ ते १९४९ या काळात सोव्हिएत आरमाराकडेच उसनी होती, हे आम्ही वाचले तेव्हा हसूच आले.