बडगामचा सातवा मृत्यू

२७ फेब्रुवारी २०१९ हा दिवस बहुतेकांना विंग कमांडर अभिनंदन वर्धमान यांच्यामुळे आठवतो. बालाकोटवरील हवाई हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी पाकिस्तानी विमाने जम्मू-काश्मीरच्या दिशेने आली, आकाशात झटापट झाली आणि अभिनंदन पाकिस्तानच्या हाती सापडले. वृत्तवाहिन्यांना दिवसभर तोच एक विषय पुरला.

त्याच सकाळी दहाच्या सुमारास श्रीनगरच्या तळावरून हवाई दलाचे एमआय-१७ व्ही-५ हेलिकॉप्टर उडाले आणि काही मिनिटांतच बडगाम जिल्ह्यातील गरेंद कलान गावाजवळ कोसळले. आतले सहाही जण मृत्युमुखी पडले. त्यांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. त्यांचे पार्थिव नाशिकला आले, लष्करी इतमामात अखेरचा निरोप दिला गेला आणि सारे शहर हळहळले.

हेलिकॉप्टर पडले कसे? सुरुवातीला तांत्रिक बिघाडाची चर्चा होती. पुढच्या काही महिन्यांत वृत्तपत्रांतून वेगळी माहिती झिरपू लागली. दरम्यान लोकसभेची निवडणूक झाली, नवे सरकार आले. अखेर ४ ऑक्टोबर २०१९ रोजी हवाई दलप्रमुख राकेशकुमार सिंह भदौरिया यांनी जाहीर सांगितले की, आपल्याच क्षेपणास्त्राने आपले हेलिकॉप्टर पाडले आणि ही मोठी चूक होती. हे कळायला सात महिने लागले.

चूक कशी झाली, हे समजून घेण्यासारखे आहे. लष्करी विमानांत 'मित्र की शत्रू' ओळखणारे एक उपकरण असते. जमिनीवरून सांकेतिक लहरींनी प्रश्न जातो, विमानातले उपकरण आपोआप उत्तर देते. चौकशीच्या ज्या बातम्या आल्या, त्यांनुसार हेलिकॉप्टरमधले हे उपकरण बंद होते आणि तळावरचे अधिकारी व वैमानिक यांच्यातला समन्वयही तुटलेला होता. पण उत्तर आले नाही म्हणजे समोरचा शत्रूच, असे हे यंत्र कधीच सांगत नाही. ते फक्त 'ओळख पटली नाही' एवढेच सांगते. अनोळखी आणि शत्रू यांतले अंतर माणूस ओलांडतो, आणि तणावाच्या दिवसांत ते फार झटकन ओलांडले जाते.

जगात असे पूर्वीही घडले आहे. १४ एप्रिल १९९४ रोजी उत्तर इराकवर अमेरिकेच्या लढाऊ विमानांनी अमेरिकेचीच दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर इराकी समजून पाडली. २६ जण गेले. ३ जुलै १९८८ रोजी अमेरिकी युद्धनौकेने इराणचे प्रवासी विमान पाडले. २९० जण गेले. अमेरिकेने खेद व्यक्त केला, पुढे भरपाई दिली, पण रीतसर माफी मागितली नाही. ८ जानेवारी २०२० रोजी तेहरानहून नुकतेच उडालेले युक्रेनचे विमान इराणच्याच क्षेपणास्त्रांनी पाडले. १७६ जण गेले. तिथेही आधी तांत्रिक बिघाडच सांगितला गेला आणि तीन दिवसांनी कबुली आली. देश कुठलाही असो, पहिले निवेदन बहुधा असेच असते.

आपल्याकडे पुढे कोर्ट मार्शल झाले. २०२३ मध्ये श्रीनगर तळावरच्या तत्कालीन ग्रुप कॅप्टन दर्जाच्या अधिकाऱ्याला बडतर्फ करण्याची शिफारस झाली. उशिरा का होईना, कबुली आली आणि जबाबदारी ठरवण्याचा प्रयत्न झाला, हे नोंदवायला हवे. चूक कबूल केल्याने हवाई दलाची इभ्रत कमी झाली नाही.

मात्र या घटनेचा उल्लेख करताना आजही अनेक जण 'सहा जणांचा मृत्यू' असे लिहितात. मृत्यू सात झाले होते. सातवा माणूस गावातलाच एक काश्मिरी तरुण होता. तो हेलिकॉप्टरमध्ये नव्हता, जमिनीवर होता. ना त्याने गणवेश घातला होता, ना या लढाईशी त्याचा काही संबंध होता. नाशिकच्या आणि बडगामच्या घरांत एकाच सकाळी, एकाच क्षेपणास्त्रामुळे मातम पसरला. एका घराचे दुःख देशाने आपले मानले, ते योग्यच झाले. दुसऱ्या घराचे दुःख बातमीच्या शेवटच्या ओळीत, 'एक स्थानिक नागरिकही' एवढ्यावर आटोपले.

निनाद मांडवगणे यांचे स्मरण नाशिककर दरवर्षी करतील, करायलाच हवे. तेव्हा आकडा मात्र पुरा सांगावा: सात.