पणजीत राहायचं कुठे?

पणजीला गेलो की मी फोंतेनासमध्ये खोली घेतो. जुन्या गोव्यात साथींनी माणसं मरत गेली, वस्ती पणजीकडे सरकली आणि १८४३ मध्ये पणजी राजधानी झाली. टेकडी आणि खाडीच्या मधला हा जुना भाग. नाव पडलं झऱ्यावरून. इथल्या सेंट सेबेस्टियन चॅपेलमधला क्रूस एकेकाळी जुन्या गोव्यात, इन्क्विझिशनच्या वाड्यात होता, बरं का!

पहिल्या खेपेला मी एका पिवळ्या घरासमोर फोटो काढत बसलो. आतल्या आजींनी खिडकी लावून घेतली. तेव्हा कळलं, इथली शांतता आपल्यासाठी नाही, राहणाऱ्यांची आहे. तुम्हीही इथे जरूर राहा; फक्त विचारल्याशिवाय कुणाच्या दारात मोबाइल काढू नका.