मर्दन आणि मर्यादा

१८९४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने लंडनमधील मालिशगृहांच्या आडून चालणाऱ्या वेश्याव्यवसायावर झोड उठवली. झळ मात्र प्रामाणिकपणे मर्दनोपचार करणाऱ्या परिचारिकांनाही बसली. त्याच वर्षी रोझलिंड पॅजेट यांच्यासह चौघींनी संस्था स्थापून परीक्षा व प्रमाणपत्रे सुरू केली. नियम कडक होते: डॉक्टरांच्या निर्देशाविना उपचार नाही, वैद्यकीय नियतकालिकांबाहेर जाहिरात नाही. शील सिद्ध करण्याचा भार अर्थातच स्त्रियांवर! १९२० मध्ये राजसनद मिळाली. १९४४ मध्ये संस्थेने ‘फिजिओथेरपी’ हे नाव घेतले आणि ज्या ‘मसाज’ शब्दाची अब्रू राखायची होती, तोच नावातून गळाला. ब्रिटनमध्ये आज ‘फिजिओथेरपिस्ट’ ही उपाधी कायद्याने संरक्षित आहे. ‘मसाज थेरपिस्ट’ मात्र कोणीही स्वतःला म्हणवू शकतो.