समोरच्या काचेवरचें भूत

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. तेव्हां वाशीमचा म्हातारा मास्तर बोलावयास बसला म्हणजे ताम्रपट आणि शिलालेख निघणार, अशी आपली अपेक्षा असेल. पण आज मी जो इतिहास सांगणार आहें तो राजांचा नव्हे. तो मोटारींतील एका फळीचा आणि तिच्यावर कललेल्या काचेचा आहे. मला तो जुळवावासा कां वाटला, हें प्रथम सांगतों.

माझ्या धाकट्या मुलीचें लग्न ठरलें. मार्गशीर्षाचे दिवस होते. पहिली पत्रिका कारंज्याच्या गुरुमंदिरांत ठेवावी म्हणून भाच्याच्या मोटारीनें आम्ही निघालों. दर्शन झालें, प्रसाद झाला आणि मंगरूळपीरच्या वाटेनें परततांना दिवस कलला. कारंज्याहून वाशीम नैर्ऋत्येस. थंडीच्या दिवसांत कलता सूर्य अगदीं नाकासमोर येतो. पत्रिकांचा गठ्ठा आणि त्यावर माझें शुभ्र उपरणें मीं काचेखालच्या फळीवर ठेविलें होतें. भाचा दोनदां म्हणाला, "मामा, तेवढें उपरणें खालीं घ्या, काचेंत दिसतें." मी म्हणालों, "शुभकार्याच्या पत्रिका काय पायांशीं ठेवूं? तूं रस्त्याकडे पहा." तो बिचारा गप्प बसला.

थोड्याच वेळानें त्यानें करकचून ब्रेक दाबला. समोर चार हातांवर कापसानें भरलेली बैलगाडी होती. कोणास इजा झाली नाहीं. गाडीवान खालीं उतरून एवढेंच म्हणाला, "दिसत नाई काय जी?" खरोखरच दिसत नव्हतें. पांढऱ्या कापसावर काचेंतलें पांढरें उपरणें पसरलें होतें. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. तरी आपाती कोन परावर्तित कोनाएवढा असतो, हें मीं मुलांकडून वर्षानुवर्षें घोकून घेतलें होतें. तोच नियम माझ्या मांडीपुढें उभा होता, आणि मला तो दिसला नाहीं.

आतां त्या फळीची कथा ऐका. तिला आपण डॅशबोर्ड म्हणतों. हा शब्द मोटारीहून जुना आहे. घोड्याच्या बग्गीपुढें, टापांनीं उडणारा चिखल हांकणाऱ्याच्या अंगावर येऊं नये म्हणून एक उभी फळी लावीत. तिचें हें नांव. मोटार आली, घोडा गेला, पण फळी राहिली. पुढें तिच्यावर घड्याळें आणि कळा बसल्या, आणि चिखल अडविणारी फळी उजेड फेकणारी झाली.

उजेड फेकण्याचें हें काम काचेच्या कलण्यानें वाढलें. १९०८ सालीं निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीची काच जवळजवळ उभी होती. उभ्या काचेंत आंत बसलेल्यांचेंच प्रतिबिंब पडतें. पुढें वेग वाढला, वारा कापावा म्हणून १९३० नंतर काचा मागें कलूं लागल्या, आणि आज पुष्कळ गाड्यांची काच जमिनीशीं तीस अंशांइतकीच उठलेली असते. अशा काचेंत चालकाच्या नजरेसमोर येतें तें खालच्या फळीचें प्रतिबिंब. काच सरळ समोरून पाहिली तर शेंकडा सुमारें आठ भाग उजेड परत येतो. इतकी तिरपी पाहिली तर तोच जवळजवळ दुप्पट होतो.

ही युक्ति नाटकवाल्यांना आधींच ठाऊक होती. १८६२ च्या नाताळांत लंडनच्या पॉलिटेक्निकमध्यें प्राध्यापक पेपर यांनीं रंगभूमीवर भूत आणलें. युक्तीची मूळ कल्पना हेन्री डर्क्स या इंजिनियराची. प्रेक्षकांपुढें मोठी काच कलती उभी करावयाची, खालीं खड्ड्यांत पांढऱ्या वेषाचा नट प्रखर दिव्यापुढें ठेवावयाचा आणि सभोंवार सर्व काळें करावयाचें. नट दिसत नाहीं, त्याचें प्रतिबिंब मात्र रंगभूमीवर तरंगतें. माझें उपरणें तोच नट होता आणि दिव्याचें काम सूर्यानें केलें. पुढें याच भुताला माणसानें चाकरीसही लावलें: १९०० सालीं डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांनीं तोफेच्या नेमासाठीं, आणि १९८८ पासून कांहीं मोटारींत वेगाचा आंकडा काचेवर दाखविण्यासाठीं.

भूत उतरविण्याचा एक मंत्रही सायंकाळच्या उन्हांतच सांपडला. १८०८ सालीं पॅरिसमध्यें एतिएन मालुस हा लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून येणारा मावळतीचा प्रकाश स्फटिकांतून पहात होता. स्फटिक फिरवितांच प्रकाश कमीजास्त होऊं लागला. काचेवरून परावर्तित झालेल्या प्रकाशाचें कंपन मुख्यत्वें एकाच दिशेंत होतें, हें त्यावरून कळलें. १८१५ मध्यें ब्रूस्टरनें दाखविलें कीं, एका ठराविक कोनांत — साध्या काचेस सुमारें ५६ अंश — हें पूर्णपणें घडतें. मोटारीच्या कलत्या काचेचा कोन याच्या अगदीं जवळचा आहे. म्हणून अमेरिकेच्या एडविन लँडनें काढलेल्या पोलरॉइडच्या चष्म्यानें हें भूत बरेंच विरतें. लँडची मूळ इच्छा समोरून येणाऱ्या मोटारीच्या दिव्यांची तिरीप मारण्याची होती. ती मोटार कारखानदारांनीं उचलली नाहीं.

सरकारेंही यांत पडलीं. चालकासमोरचे धातूचे भाग किती चकाकावेत यावर अमेरिकेंत १९६८ पासून नियम होता. कारखान्यांनीं स्वतःच झिलई सोडल्यावर १९९६ सालीं तो रद्द झाला. आपल्याकडे १९८९ च्या मोटार वाहन नियमांप्रमाणें समोरच्या काचेंतून शेंकडा ७० भाग तरी प्रकाश आंत आलाच पाहिजे. म्हणजे काच काळी करतां येत नाहीं. काळी करावयाची ती फळी.

आपल्या जिल्ह्यास हें विशेष सांगावयाचें कारण असें कीं, नागपूर-मुंबई समृद्धि महामार्ग कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जातो. शिर्डीपर्यंतचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं उघडला. ७०१ किलोमीटरांचा सर्व मार्ग ५ जून २०२५ रोजीं पुरा झाला. मुंबईकडे जाणाऱ्याच्या डोळ्यांत सायंकाळचें ऊन येतें. तेथें मोटारीस ताशी १२० किलोमीटरांची मुभा आहे; म्हणजे एका सेकंदांत ३३ मीटर. आमच्या जुन्या वाटेवर चार हात उरले; तेथें ते उरले नसते.

उपाय घरगुती आहेत. फळीवर कागद, पांढरें कापड, चकाकणारी मूर्ति ठेवूं नये. तिला झिलई येणारें पॉलिश लावूं नये. काच आंतून वरचेवर पुसावी; आंतला पातळ थर उन्हांत दुधासारखा पेटतो. फळी फिकट असेल तर काळ्या, चकाकी नसलेल्या कापडानें झांकावी. धनगराच्या काळ्या घोंगडीसारखें उजेड गिळणारें वस्त्र क्वचितच असेल. मात्र एअरबॅगचें झांकण आणि वाऱ्याचे झरोके मोकळे ठेवावे, आणि कापड घसरणार नाहीं असें बसवावें. पोलरॉइडचा चष्मा दिवसां वापरावा, रात्रीं नव्हे.

त्या दिवशीं बैलगाडी पुढें गेल्यावर मीं पत्रिकांचा गठ्ठा उचलून मांडीवर घेतला आणि उपरणें गुंडाळून खालीं ठेविलें. भाचा कांहीं बोलला नाहीं. मला तें बोलण्याहून अधिक लागलें. वाशीम येईपर्यंत रस्ता स्वच्छ दिसत होता. वडीलधाऱ्यांस एवढेंच सांगणें आहे: गाडी हांकणारा तरुण जेव्हां म्हणतो, "एवढें खालीं घ्या," तेव्हां तो मान मोडीत नसतो, त्याला समोरचें दिसत नसतें.