हेडफोन विवर्धक व अंकीय परिवर्तक

हेडफोन विवर्धक व अंकीय परिवर्तक : घरी हेडफोनने संगीत ऐकताना ध्वनिसाखळीत योजण्यात येणारी दोन इलेक्ट्रॉनीय उपकरणे. अंकांच्या रूपात साठविलेल्या ध्वनीचे मूळ ध्वनितरंगाशी सदृश अशा बदलत्या विद्युत् दाबात रूपांतर करणाऱ्या उपकरणाला अंकीय-सदृश परिवर्तक (यापुढे नुसते ‘परिवर्तक’) म्हणतात. या दाबाच्या साहाय्याने हेडफोनचे पटल हालविण्यास लागणारी शक्ती पुरविणाऱ्या उपकरणाला हेडफोन विवर्धक म्हणतात. पुष्कळदा ही दोन्ही एकाच पेटीत बसविलेली असल्यामुळे त्यांची कार्ये एकच समजली जातात. प्रत्यक्षात त्यांचा उगम, त्यांच्यातील अडचणी आणि त्या अडचणींचे निराकरण या तिन्ही बाबतींत ती भिन्न आहेत. मर्यादित पैशात चांगला ध्वनी मिळविण्यासाठी खर्च कशावर करावा, या प्रश्नाचे उत्तर १९८० नंतरच्या दशकात एक होते व आज दुसरे आहे. हा बदल का झाला, ते या दोन उपकरणांच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

विवर्धकाची वाटचाल : हेडफोन हा दूरध्वनीच्या ग्राहकापासून निघालेला प्रकार आहे. अमेरिकेच्या यूटा राज्यातील नॅथॅनिएल बॉल्डविन यांनी १९१० साली आपल्या हेडफोनचे नमुने अमेरिकन नौदलाकडे पाठविले व नौदलाने ते स्वीकारले. त्या काळी बिनतारी संदेशाचा प्रवाह अत्यंत क्षीण असे आणि तो वाढविण्याचे व्यवहार्य साधन नव्हते. म्हणून थोड्या प्रवाहातही पुरेसे चुंबकीय बल निर्माण व्हावे यासाठी हेडफोनच्या वेटोळ्यात बारीक तारेचे असंख्य वेढे देत. परिणामी त्याचा संरोध (प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा एकूण विरोध) हजारो ओहम असे. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली तीन अग्रांची निर्वात नलिका तयार केली. पण तिचा विवर्धक म्हणून उपयोग होऊ शकतो हे १९१२ च्या सुमारास स्पष्ट झाले. पुढे १९१५ साली पी. एल. जेन्सन व ई. एस. प्रिडॅम यांनी ध्वनिक्षेपक तयार केला. घरातील श्रवण हळूहळू ध्वनिक्षेपकाकडे वळले आणि हेडफोन मुख्यत्वे तंत्रज्ञ व संदेशचालक यांच्यापुरता उरला.

जर्मनीत ऑयगेन बायर यांच्या कंपनीने १९३७ साली डीटी ४८ हा हेडफोन बाजारात आणला. त्यात ध्वनिक्षेपकाप्रमाणे हलते वेटोळे वापरलेले होते. संगीताच्या श्रोत्याला हेडफोनकडे पुन्हा वळविण्याचे श्रेय मात्र अमेरिकेतील मिलवॉकी येथील जॉन कॉस यांच्या १९५८ मधील त्रिमितीय (स्टीरिओ) हेडफोनला दिले जाते. जर्मनीच्या झेनहायझर कंपनीने १९६८ साली एचडी ४१४ हा पाठीमागून उघडा असलेला हलका हेडफोन काढला; त्याचा संरोध २,००० ओहम होता. या काळात हेडफोनसाठी स्वतंत्र विवर्धक क्वचितच असे. ध्वनिक्षेपकासाठी असलेल्या मोठ्या विवर्धकाच्या प्रतिदानाशी काहीशे ओहमांचा रोधक जोडून तेथेच हेडफोनची खोबणी काढीत. हेडफोनचा संरोध मोठा असल्यामुळे हा स्वस्त उपाय बऱ्यापैकी चालून जाई. जपानमधील स्टॅक्स कंपनीचे स्थिरविद्युत् हेडफोन याला अपवाद होते. त्यांच्या पटलाला शेकडो व्होल्टचा स्थिर दाब द्यावा लागत असल्यामुळे त्यांना खास उपकरण लागे.

सोनी कंपनीच्या १९७९ मधील वॉकमनने ही परिस्थिती पालटली. दोन लहान विद्युत् घटांपासून मिळणाऱ्या ३ व्होल्ट दाबावर चालणाऱ्या यंत्राला मोठ्या संरोधाचा हेडफोन पुरेशा जोराने वाजविता येत नाही. म्हणून खिशातील यंत्रांसाठी लहान संरोधाचे हेडफोन प्रचारात आले. तेव्हापासून हेडफोनची दोन कुळे पडली. उदा., हेडफोनला १०० मिलिवॉट शक्ती पुरवावयाची झाल्यास ३०० ओहमांच्या हेडफोनला सु. ५.५ व्होल्ट दाब व १८ मिलिअँपिअर प्रवाह लागतो. तर ३२ ओहमांच्या हेडफोनला सु. १.८ व्होल्ट दाब पुरतो, पण प्रवाह ५६ मिलिअँपिअर लागतो. पहिल्याला दाब देणारा, तर दुसऱ्याला प्रवाह देणारा विवर्धक हवा. खिशातील यंत्राला घरचा मोठा हेडफोन जोडल्यास ध्वनी मंद व दबलेला येतो, याचे कारण येथे आहे. ही उणीव भरून काढण्यासाठी १९९० नंतरच्या दशकात हेडफोन विवर्धक हा स्वतंत्र उद्योग उभा राहिला.

परिवर्तकाची वाटचाल : परिवर्तकाचा उगम संगीतात नसून दूरध्वनीत आहे. लांबच्या तारमार्गावर प्रत्येक विवर्धनाबरोबर गोंगाटही वाढत जातो. ध्वनितरंगाची उंची ठराविक कालांतराने मोजून ते माप द्विमान अंकांत पाठविल्यास हा गोंगाट टाळता येईल, ही कल्पना ब्रिटिश अभियंते ॲलेक रीव्ह्ज (१९०२–७१) यांनी पॅरिसमध्ये काम करीत असताना मांडली व १९३८ साली तिचे फ्रेंच एकस्व घेतले. या पद्धतीला स्पंद संकेत विरूपण असे नाव मिळाले. तरंगातील सर्वांत मोठ्या कंप्रतेच्या दुपटीहून अधिक वेळा दर सेकंदाला नमुने घेतले, तर मूळ तरंग पुन्हा उभा करता येतो, या सिद्धांताची मांडणी क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली प्रसिद्ध केली. जपानच्या एनएचके या नभोवाणी संस्थेने १९६७ साली या पद्धतीचे ध्वनिमुद्रणयंत्र तयार केले आणि १९७२ साली डेनॉन कंपनीने व्यावसायिक मुद्रणासाठी तिचा वापर सुरू केला.

घरात ही पद्धती १९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्कच्या (सीडीच्या) रूपाने आली. सीडीमध्ये दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतात व प्रत्येक नमुना १६ बिटांत लिहितात. म्हणजे तरंगाच्या उंचीच्या ६५,५३६ पायऱ्या होतात. सिद्धांताप्रमाणे सर्वांत मोठा ध्वनी व गोंगाट यांत सु. ९८ डेसिबेलचे अंतर राहते. मात्र या पायऱ्या प्रत्यक्षात समान उंचीच्या करणे त्या काळी अतिशय कठीण होते. रोधकांच्या शिडीने चालणाऱ्या परिवर्तकात सर्वांत मोठ्या बिटाचा वाटा सु. ०.००३ टक्क्याने जरी चुकला, तरी एका पूर्ण पायरीएवढी चूक होते. शिवाय हे बिट तरंग शून्याच्या आसपास असताना बदलते. म्हणून चूक नेमकी मंद ध्वनीत, म्हणजे विरत जाणाऱ्या स्वरात व शांततेच्या कडेला, अधिक जाणवण्याजोगी ठरते.

या अडचणीवर दोन कंपन्यांनी दोन मार्ग काढले. सोनीच्या सीडीपी-१०१ या यंत्रात १६ बिटांचा एकच परिवर्तक डाव्या व उजव्या ध्वनीसाठी आळीपाळीने वापरला जाई. त्यामुळे दोन्ही बाजूंत सु. ११ मायक्रोसेकंदांचा फरक पडे. नमुनाग्रहणामुळे उत्पन्न होणाऱ्या अनिष्ट उच्च कंप्रता अडविण्यासाठी त्यात अतितीव्र उताराची सदृश विद्युत् गाळणी लावलेली होती. फिलिप्स कंपनीपाशी १४ बिटांचा परिवर्तक होता. तिने नमुन्यांचा वेग अंकीय गाळणीने चौपट केला व चुकीचा काही भाग ऐकू न येणाऱ्या कंप्रतांकडे ढकलला. अशा रीतीने १४ बिटांतून १६ बिटांच्या जवळपासची अचूकता मिळाली आणि सदृश गाळणी सौम्य ठेवता आली. पुढे बहुतेक सर्व उत्पादकांनी वाढीव नमुन्यांचा हा मार्ग पत्करला.

तरीही सीडीचा ध्वनी कर्कश वाटतो, अशी तक्रार सुरुवातीची काही वर्षे ऐकू येत असे. तिच्यामागे ध्वनिमुद्रणातील दोषही होते; पण परिवर्तक हा साखळीतील दुबळा दुवा आहे, ही समजूत त्या काळी निराधार नव्हती. म्हणूनच यंत्रातून अंक जसेच्या तसे बाहेर काढण्याची सोय झाल्यावर १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात स्वतंत्र पेटीतील परिवर्तक विकले जाऊ लागले व त्यांवर मोठा खर्च करणे समर्थनीय मानले गेले.

हा दोष दूर झाला तो डेल्टा-सिग्मा पद्धतीमुळे. तिची मूळ कल्पना जपानमध्ये हिरोशी इनोसे व यासुहिको यासुदा यांनी १९६२ साली मांडली होती. परंतु लक्षावधी क्रिया वेगाने करणारी स्वस्त संकलित मंडले उपलब्ध झाल्यावरच, १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, ती घरगुती उपकरणांत आली. या पद्धतीत हजारो अचूक पायऱ्यांऐवजी थोड्याच पायऱ्या अतिशय वेगाने बदलतात व त्यांची सरासरी म्हणजेच ध्वनितरंग असतो. अचूकतेचा भार घटकांच्या सूक्ष्म जुळणीवरून कालमापनावर व गणितावर गेला. गणित करणारी मंडले दर काही वर्षांनी स्वस्त होत गेल्यामुळे परिवर्तकही स्वस्त झाला. सीडीपी-१०१ हे संपूर्ण यंत्र १९८२ साली १,६८,००० येनला मिळत होते. ॲपल कंपनीने २०१६ साली आयफोन ७ मधून हेडफोनची खोबणी काढून टाकली, तेव्हा तिच्या जागी ९ डॉलर किंमतीचा तारेचा लहानसा तुकडा विक्रीस ठेवला. त्याच्या टोकात परिवर्तक व विवर्धक ही दोन्ही सामावलेली होती.

तुलना : दोन उपकरणांमधील मूलभूत फरक असा की, परिवर्तकाचे काम हेडफोनवर अवलंबून नसते, तर विवर्धकाचे काम हेडफोनवाचून ठरविताच येत नाही. परिवर्तकाची चूक अंकात मोजता येते आणि ती कानाच्या मर्यादेखाली गेली की, पुढील सुधारणा श्रोत्याच्या दृष्टीने निरुपयोगी ठरते. ई. ब्रॅड मेयर व डेव्हिड मोरन यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अधिक सूक्ष्म मुद्रणाच्या मार्गात सीडीच्या प्रमाणाचे रूपांतर व प्रतिरूपांतर घालून श्रोत्यांना फरक ओळखण्यास सांगितले. एकूण ५५४ चाचण्यांपैकी २७६ उत्तरे, म्हणजे सु. निम्मी, बरोबर आली. नाणे उडवूनही एवढेच यश मिळते. ध्वनी नेहमीपेक्षा फार मोठा ठेवला तेव्हाच मार्गातील गोंगाट ऐकू आला. जॉशुआ राइस यांनी २०१६ साली अशा १८ प्रयोगांतील १२,५०० हून अधिक चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के आढळले व प्रशिक्षित श्रोत्यांत ते अधिक होते. म्हणजे सीडीहून सूक्ष्म मुद्रणाचा परिणाम अगदीच शून्य म्हणता येत नसला, तरी तो अत्यंत लहान आहे.

विवर्धकाची गोष्ट वेगळी आहे. हेडफोनचा संरोध सर्व कंप्रतांना सारखा नसतो. समजा, एखाद्या हेडफोनचा संरोध सर्वसाधारणपणे ३०० ओहम असून खर्जातील अनुस्पंदनाजवळ तो ५०० ओहम होतो. विवर्धकाचा स्वतःचा प्रतिदान संरोध १२० ओहम असल्यास (आंतरराष्ट्रीय विद्युत् तंत्र आयोगाच्या १९९६ च्या मानकात हाच आकडा सुचविलेला होता) खर्ज सु. १ डेसिबेलने फुगतो. कानात घालावयाच्या काही लहान हेडफोनमध्ये हा बदल अधिक मोठा असतो. संरोध ८ ओहमांपासून ६० ओहमांपर्यंत बदलत असेल, तर १० ओहम प्रतिदान संरोधामुळे कंप्रतांच्या समतोलात सु. ५.७ डेसिबेलचा फरक पडतो. तोच १ ओहम असल्यास फरक १ डेसिबेलपेक्षा कमी राहतो. असा फरक सामान्य श्रोत्यालाही सहज ऐकू येतो. म्हणून विवर्धकाचा प्रतिदान संरोध हेडफोनच्या संरोधाच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा, असा व्यावहारिक नियम रूढ झाला. टोपणनावाने लिहिणाऱ्या एका अभियंत्याने या नियमाचा हिरिरीने पुरस्कार केला. त्याने २०११ साली सामान्य घटकांपासून बनणाऱ्या ‘ऑब्जेक्टिव्ह २’ या विवर्धकाचा आराखडा मोजमापांसह सर्वांना खुला केला. किंमत व गुणवत्ता यांचा संबंध मानला जातो तितका दृढ नाही, हे त्यावरून अनेकांच्या ध्यानात आले.

तुलना करताना एक पथ्य आवश्यक आहे. दोन उपकरणांपैकी किंचित मोठ्याने वाजणारे उपकरण कानाला अधिक स्पष्ट व भरीव वाटते. मात्र ते मोठ्याने वाजत आहे हे लक्षात येत नाही. म्हणून दोहोंची पातळी मापकाने दशांश डेसिबेलपर्यंत जुळवून आणि कोणते उपकरण चालू आहे हे श्रोत्याला न सांगता केलेली तुलनाच ग्राह्य होय.

व्यावहारिक निष्कर्ष : आजच्या स्थितीत ध्वनीच्या स्वरूपावर सर्वांत अधिक प्रभाव हेडफोनचा असतो. त्यानंतर त्याला साजेसा दाब, प्रवाह व अल्प प्रतिदान संरोध देणारा विवर्धक महत्त्वाचा ठरतो. परिवर्तकाचा क्रम शेवटचा लागतो. संगणकाच्या अंतर्भागातील विद्युत् गोंगाट हेडफोनमध्ये ऐकू येत असेल, तर बाहेरचा साधा परिवर्तक तो दूर करतो. त्यापलीकडे महाग परिवर्तकाने क्वचितच काही साधते. लहान संरोधाच्या व संवेदनशील हेडफोनला मुळात वेगळ्या विवर्धकाची गरजच नसते.

विवर्धकाच्या सामर्थ्याला दुसरी बाजूही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढाने आठवड्यात ८० डेसिबेल पातळीचा ध्वनी ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित असते आणि पातळी ३ डेसिबेलने वाढली की, हा अवधी निम्मा होतो. ९५ डेसिबेलला तो सव्वा तासावर येतो. चांगला विवर्धक विकृती न दाखविता ही पातळी सहज ओलांडतो. त्यामुळे कमी प्रतीच्या यंत्रात कर्कशपणाने मिळणारी सूचना येथे मिळत नाही. परिवर्तकातील दोष तंत्रज्ञांनी दूर केला आहे. अंतर्कर्णातील संवेदी केशपेशी मात्र एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उत्पन्न होत नाहीत.