बेरजेपासून समुच्चयापर्यंत

बिंबाजी भोसले १७५८ साली रतनपुरास आले आणि त्यांच्यामागून मराठी कारकुनी छत्तीसगढात आली. तिच्या हिशेबातले ‘बेरीज’, ‘वजा’, ‘बाकी’ हे शब्द फारसी-अरबी वळणाचे. पण मराठी शाळेने ते इतके आपलेसे केले की ‘वजाबाकी’ला आज कोणी परके म्हणणार नाही. हिंदी शाळेत ‘जोड’ आणि ‘घटाना’ रुजले.

वरच्या इयत्तांतील शब्दांची कथा निराळी. रायपूर आणि नागपूर १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होते. रायपूरचे पं. रविशंकर शुक्ल त्या प्रांताचे मुख्यमंत्री असताना डॉ. रघुवीर यांनी नागपुरात सर्व भारतीय भाषांना चालेल अशी संस्कृत धातूंवरील परिभाषा रचण्याचा घाट घातला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्ये वेगळी झाली, पाठ्यपुस्तकेही वेगळी झाली. आज मराठीत ‘संच’, ‘मूळ संख्या’, ‘नैसर्गिक संख्या’. हिंदीत ‘समुच्चय’, ‘अभाज्य संख्या’, ‘प्राकृत संख्या’. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तले (११५०) ‘भिन्न’ हिंदीने जपले; मराठीने ‘अपूर्णांक’ पत्करला, हे थोडे खटकतेच. उलट ३ + ५ आणि ५ + ३ सारखेच, हे सांगणारी मराठी ‘क्रमनिरपेक्षता’ हिंदी ‘क्रमविनिमेयते’पेक्षा सहज उलगडते.

रायपूरच्या मराठी मुलाला दोन्ही लागतात. ७ ही ‘मूळ’ संख्या हे ज्याला पक्के ठाऊक, तोच हिंदी प्रश्नपत्रिकेत ‘अभाज्य’ पाहून अडतो, आणि कच्चे ठरते त्याचे गणित. म्हणून येथील फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी-शेजारी लिहावे लागतात.