लष्करी मोटारसायकलींचे अंकलेख

शिलालेखाचा अभ्यासक प्रथम दगडावर पातळ कागद दाबून अक्षरांचा ठसा घेतो, वाचन त्यानंतर. आपल्या परिवहन कार्यालयातही सांगाड्यावरील क्रमांकाचा असाच पेन्सिल-ठसा काढण्याची रीत आहे. जुन्या लष्करी मोटारसायकलीची ओळख पटवायची असेल, तर ही साधी रीत फार उपयोगी पडते.

दुसऱ्या महायुद्धात २५ लाखांच्या आसपास भारतीय सैनिक होते, आणि त्यांच्या सेवेसाठी ब्रिटिश बनावटीच्या मोटारसायकली येथे आल्या. युद्ध संपल्यावर जादा ठरलेली वाहने विकली गेली. नव्या मालकांनी हिरवा वा मातकट रंग खरडून काळा रंग चढविला, आणि टाकीवर रंगविलेला, 'सी' या अक्षराने आरंभ होणारा लष्करी क्रमांक नाहीसा झाला. धातूत ठोकलेला इंजिनाचा क्रमांक मात्र उरला.

बीएसए कंपनीची एम २० ही ५०० घनसेंमी वर्गातली गाडी घ्या. युद्धकाळात अशा सुमारे सव्वा लाख गाड्या तयार झाल्या. १९३९ च्या नमुन्यावर 'केएम २०' अशी आद्याक्षरे दिसतात. पुढील युद्धकालीन गाड्यांवर 'डब्ल्यूएम २०'. मॅचलेस जी ३ एल या गाडीने तर सालच आकड्यांत लिहून ठेवले आहे : '४२/जी ३ एल' म्हटले की १९४२ चा बोध होतो. आद्याक्षरांपुढील अंक कारखान्याच्या नोंदवहीतील सरकारी मागणीशी जुळविता आला, म्हणजे गाडीची तुकडी निश्चित होते. ती कोणत्या रणांगणावर धावली, हे मात्र त्यावरून ठरत नाही. ब्रह्मदेशच्या आघाडीवरची म्हणून सांगितली जाणारी प्रत्येक गाडी तेथे गेली असती, तर जपान्यांना वाहनांच्या दाटीनेच माघार घ्यावी लागली असती!

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. इंजिन आणि सांगाडा यांचे क्रमांक जुळत नाहीत, एवढ्यावरून गाडीला बनावट ठरविणे अन्यायाचे होईल. एम २० चे हे दोन क्रमांक कारखान्यातूनच निरनिराळे निघत. शिवाय लष्करी कार्यशाळांत दुरुस्तीच्या वेळी एकाचे इंजिन दुसरीला बसविण्यात गैर काही मानले जात नसे. खरी शंका घ्यावी ती क्रमांकाभोवतीचा धातू कानशीने घासलेला दिसला, किंवा अंकांची उंची नि खोली असमान भासली तर. मूळ ठोक्याच्या कडा जुन्या ओतीव पृष्ठभागाशी एकजीव झालेल्या असतात. मागाहून ठोकलेले अंक त्यांत उपरे वाटतात.

फाइलींत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला या गोष्टीचे महत्त्व अधिक वाटते, कारण आता तिला कायद्याचेही वजन आले आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुने आणि मूळ रूप राखलेले वाहन 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते; त्याच्या क्रमांकपट्टीवर 'व्हीए' ही अक्षरे येतात. मूळ रूप म्हणजे काय, हा प्रश्न आला की वाद पुन्हा त्या ठोकलेल्या अंकांपाशी येऊन थांबतो.

भिलाई-दुर्ग परिसरातील मोहन नगरसारख्या वस्तीत अशी एखादी गाडी निघाली, तर तिच्या कागदांवरही इतिहासाचे थर सापडतील. १९५० पूर्वी दुर्ग जिल्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात होता, १९५६ पर्यंत त्याची राजधानी नागपूर, मग भोपाळ, आणि २००० पासून रायपूर. एवढ्या राजवटींच्या शिक्क्यांखाली इंजिन क्रमांकाचा रकाना मात्र तोच राहिलेला दिसला पाहिजे. आणि दिसला नाही, तर बदल कोणत्या वर्षीच्या नोंदीत झाला, तेथून शोधास आरंभ करावा.